राजीनामा झाल्याचा निरोप

माझी मुलगी गुडगावात लोकांना पैशाचे सल्ले देण्याची नोकरी करते. मध्यंतरी तिने मला लॅपटॉपवर तिचं एक प्रेझेंटेशन दाखवलं. माणसं नोकरी कशी निवडतात, गुंतवणूक कशात करतात, दुसऱ्याला पैसे का देतात, याचे रंगीत गोल आणि बाण. उत्पन्न, वय, जोखीम घेण्याची तयारी, घरची परिस्थिती, सगळं नीट चौकटीत बसवलेलं. मी विचारलं, यात बीजी कुठे बसतात? तिला वाटलं, आई नेहमीसारखी खोडी काढतेय. बीजींच्या घरी राहायचो तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिला बीजींच्या मांडीखेरीज काही आठवत नाही. मला सगळं आठवतं, आणि त्यातल्या एका वाक्याचा अजूनही राग येतो.

आम्ही तेव्हा फरीदाबादला एका सेक्टरमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण, त्यांना सगळा मोहल्ला बीजी म्हणायचा. नवरा गेलेला, मुलगा परदेशात, आणि दिराशी जमिनीवरून वर्षानुवर्षं चाललेला दावा. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तारीख, पेशी, वकील, गवाह हेच शब्द. टेलिफोन त्यांच्याकडे होता आणि त्याच्यावर त्यांनी विणलेला रुमाल घातलेला असायचा.

माझा नवरा सुट्या भागांच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तो लग्नाआधीपासून तिथे, मी लग्न होऊन नाशिकहून आलेली. त्याला मी तोंडावर ‘अहो’च म्हणायचे, आजही म्हणते, कागदावर मात्र ‘तो’ लिहिते, कारण कागदावर तरी बाईला थोडी मोकळीक असावी. माणूस भला. इतका भला की शेजारच्याने छत्री मागितली तर हा रेनकोटही देऊन यायचा.

आम्ही दिल्लीत यमुनेपलीकडे, जमनापार, एका सोसायटीत फ्लॅट नोंदवला होता. सभासद बहुतेक आपलेच, केंद्र सरकारच्या नोकरीतले मराठी लोक. आम्ही त्यांच्यात ओळखीने शिरलेलो. शेवटचा हप्ता महिनाअखेर भरायचा होता. नाही भरला तर नाव कटणार आणि वेटिंग लिस्टमधलं पुढचं नाव आत येणार, असं सेक्रेटरींनी स्वच्छ सांगितलं होतं. लग्नानंतर मी तीन घरं बदलली होती. दर वेळी तीच पोळपाट-लाटण्याची गोणी बांधायची, तेच पडदे नव्या खिडकीला आखूड व्हायचे. मला त्या फ्लॅटची हाव होती. हाव हाच शब्द बरोबर आहे.

आणि नेमकं त्याच महिन्यात कारखान्याचं गेट बंद झालं. कामगार बाहेर शामियाना ठोकून बसले, आणि सुपरवायझर लोक मागच्या दाराने आत जात राहिले. मालकांनी या मधल्या माणसांकडे नावं मागायचं ठरवलं होतं. आपापल्या खात्यात पुढारपण कोण करतं, त्यांची नावं. नावं दिली की ती माणसं कायमची घरी बसणार, हे सांगायची गरज नव्हती. माझा नवरा रोज घरी येऊन ताटावर बसायचा, अर्धी पोळी खायचा आणि म्हणायचा, “माझ्याकडे नावं मागितली ना, तर राजीनामा तोंडावर फेकीन.” हे तो इतक्या वेळा म्हणाला की मुलगीसुद्धा भाताचा घास भिरकावून ‘लाजीनामा’ म्हणायला लागली. आम्ही हसायचो नाही. मी घास पुसून घ्यायचे आणि हप्त्याचा विचार करायचे.

या सगळ्यात माझ्या नोकरीचं प्रकरण आधीच येऊन गेलं होतं. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथीगृह आहे, तिथल्या कचेरीत मराठी टायपिस्ट हवी होती, हंगामी. दिल्लीच्या गणेशोत्सवात ओळख झालेल्या एका बाईंनी मला कळवलं. मी टायपिंगची परीक्षा देऊन आले, पासही झाले. येत्या गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. नवऱ्याने नको म्हटलं नाही. तो तसं कधीच म्हणत नाही. त्याने कागद घेतला आणि हिशोब मांडला. वर पगार, त्यातून शटल गाडीचा पास, मुलीला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे, चार बऱ्या साड्या. खाली जे उरलं त्याच्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या. “एवढ्यासाठी रोज हाडं झिजवायची?” त्याने प्रेमानेच विचारलं. हिशोब चोख होता. मला त्यात चूक सापडेना, म्हणून जास्तच चीड आली. पण मी मान हलवली. गुरुवारी फोन करून नाही म्हणून सांगायचं, असं ठरलं.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला एक बाई दुपारी आमचा जिना चढून आली. डोक्यावर ओढणी, हातात वर्तमानपत्रात बांधलेली गुळाची भेली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली मशीनवर होता, आता शामियान्यात. त्यांचं तान्हं बाळ हॉस्पिटलात होतं आणि माझ्या नवऱ्याने औषधांचे पैसे दिले होते. माझ्या घरी सांगू नका म्हणाले होते भाईसाहब, पण तिला राहवलं नव्हतं. मी तिला बसवलं, चहा दिला, बाळाची चौकशी केली. ती चौकशी मी मनापासून केली. पण ती जिना उतरली आणि मला हप्ता आठवला. आमच्याकडे हप्त्याशिवाय दुसरे पैसेच नव्हते.

संध्याकाळी तो चपला काढतोय तोवर मी विचारलं, “हप्त्यातून दिलेत?”

“दिले.”

“मला न विचारता.”

“विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

मी काय म्हणाले असते ते मला खरंच माहीत नव्हतं. कदाचित देऊन टाका म्हणाले असते. कदाचित नसते. पण ते मला कळण्याआधीच त्याने माझ्या वतीने उत्तर ठरवून टाकलं होतं, आणि ते उत्तर कंजूष बाईचं होतं. पैसे गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

“त्याचं पोर आजारी आहे,” तो म्हणाला, “आणि मी भिंतींचे पैसे भरू?”

“भिंती नाहीत म्हणून तर आपण दुसऱ्यांच्या पायऱ्या चढतोय.”

गुळाची भेली ओट्यावर तशीच राहिली, तिला मुंग्या लागल्या तरी दोघांपैकी कुणी हात लावला नाही. पुढचे दिवस आम्ही मुलीमार्फत बोलत होतो. बाबांना सांग जेवायला या. आईला सांग भूक नाही. तिला तो खेळ वाटायचा.

बुधवारी तो म्हणाला की उद्या एकेकाला ऑफिसात बोलावणार आहेत. मी विचारलं, नावांसाठी? तो हो म्हणाला. त्याने नावं द्यावीत असं मला वाटत नव्हतं. पण त्याने राजीनामा द्यावा असंही वाटत नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधे एखादी जागा असेल तर ती मला दिसत नव्हती. नोकरी गेली तर फ्लॅट जाणारच होता. भाडं कशातून द्यायचं हा पुढचा प्रश्न होता. गुरुवारी सकाळी तो चहासुद्धा अर्धा टाकून गेला. दारात वळून म्हणाला, “आज काय ते होऊन जाईल.”

दुपारी मुलीला झोपवून मी खाली गेले, अतिथीगृहात फोन करून नाही सांगायला. वाक्य तयार होतं. घरगुती अडचणीमुळे सध्या जमणार नाही, तसदीबद्दल क्षमस्व. मी जिन्यावर ते पुटपुटत उतरले. बीजी दारातच उभ्या होत्या, चेहरा फुललेला. मला वर येऊन सांगणारच होत्या, पण गुडघे.

“फोन आया था तेरे घरवाले का,” त्या म्हणाल्या. “राजीनामा हो गया.”

मी म्हटलं, काय?

“राजीनामा, राजीनामा. हो गया. कहता था, बीवी को बोल देना.” आणि त्यांनी आतून डबा आणून माझ्या हातावर एक पिन्नी, म्हणजे तुपातला कणकेचा लाडू, ठेवली. “मुँह मीठा कर.”

मी ती पिन्नी हातात धरून उभी राहिले. या बाईचं मी काय वाईट केलं होतं? आमचं घर बुडालं आणि ही साजूक तुपातलं वाटतेय. भाडं थकलं तर हिलाच भोगावं लागेल, एवढंही हिला कळू नये? मी पुन्हा विचारलं, पक्कं असंच म्हणाले का. बीजी म्हणाल्या, बिल्कुल, आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात झटकावासा वाटला मला.

मग मी टेलिफोनवरचा रुमाल बाजूला केला आणि नंबर फिरवला. पलीकडे कचेरीतले साहेब आले. मी नाव सांगितलं, आणि तयार करून आणलेलं वाक्य तोंडात आलंच नाही. मी म्हणाले, “मी उद्यापासून येते.” ते म्हणाले, घाई नाही, सोमवारपासून आलात तरी चालेल. मी म्हणाले, “नाही, उद्याच येते.” ते बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की पिन्नी मुठीत चुरडली गेली होती. बीजींनी तेही आनंदात धरलं.

वर येऊन मी एक सुती साडी काढली आणि इस्त्री तापायला लावली. डोक्यात सगळं एकदम चालू होतं. एका खोलीत राहायचं. बीजींना म्हणायचं, दुसरी खोली तुम्ही दुसऱ्याला द्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून मुदत मागायची, त्यांची सरकारी कचेरी अतिथीगृहापासून चालत जाण्यासारखी आहे. त्याला दुसरी नोकरी लागेपर्यंत मुलीला तोच सांभाळेल. मला भीती वाटत होती. त्याने नावं दिली नाहीत याचा अभिमानही वाटत होता आणि मला एका शब्दाने न विचारता घर उलटंपालटं केलं याचा संतापही. पण या सगळ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. मला उत्साह आला होता. मी मनातल्या मनात एकटीने घर चालवून पाहत होते आणि ते चालत होतं. घर बुडताना बाईला उत्साह वाटावा याची लाज वाटून मी इस्त्री इतकी दाबली की काठाला पिवळा डाग पडला.

दिवेलागणीला तो आला. हातात जिलबीचा पुडा. हसत होता. मी मनाशी ठरवलं होतं की ओरडायचं नाही.

“झालं मनासारखं?” मी विचारलं.

“झालं बुवा एकदाचं. सगळे खूश आहेत.”

“मी खूश आहे का, ते विचारायचं राहिलं.”

त्याचं हसू थांबलं. “बीजींनी सांगितलं नाही का तुला?”

“सांगितलं. राजीनामा झाला म्हणून.”

तो माझ्याकडे बघत खुर्चीत बसला. “समझौता,” तो म्हणाला. “मी समझौता झाला म्हणून सांगितलं होतं. मालक आणि युनियनची सही झाली. गेट उद्या उघडतंय. नावं कुणी मागितलीच नाहीत.” आणि मग त्याला हसू फुटलं. इथल्या कोर्टकचेरीत दोन्ही बाजूंचं जुळलं, दोघं राजी झाले, की त्याला राजीनामा म्हणतात. बीजींचं सगळं आयुष्य कोर्टात गेलेलं. समझौता हा त्यांना कच्चा शब्द वाटला असणार, म्हणून त्यांनी तो वाटेत पक्का करून माझ्यापर्यंत आणला. हे सगळं त्याने मला समजावलं, डोळे पुसत. मलाही हसू येत होतं. ते येता येता त्याचं लक्ष दाराच्या खुंटीवरच्या साडीकडे गेलं.

मी सांगितलं. उद्यापासून जाणार आहे म्हणाले.

“मग सकाळी फोन करून नाही सांगून टाक,” तो म्हणाला. “आता गरज राहिली नाही.”

हेच ते वाक्य. तो ते दुष्टपणे बोलला नाही, उलट माझ्यावर उपकार केल्यासारखा बोलला. दुपारपासून मी जे घर मनात उभं केलं होतं, ते त्याने एका वाक्यात आवरून ठेवलं. मी नाही म्हणाले. त्याला वाटलं, मी अजून घाबरलेली आहे. मग त्याने ट्रंकेवरचा तोच जुना कागद ओढला, दोन रेघांचा.

“तो ठेवा,” मी म्हणाले. “तुम्ही त्या बाळासाठी पैसे दिलेत तेव्हा कागद काढला होतात?”

त्याने कागद गुडघ्यावर उलटा ठेवला.

“तुम्ही हिशोब न मांडता पैसे देऊन आलात, मी हिशोब न मांडता नोकरी घेऊन आले. आता कागद फक्त माझाच का काढायचा?”

“ते वेगळं होतं. ती नड होती.”

“आणि मला काही नडलेलं नाही, हे कोणी ठरवलं?”

तो म्हणाला, चुकीच्या निरोपावर घेतलेला निर्णय आहे तो. मी म्हणाले, निरोप चुकीचा होता, पण ‘हो’ मीच म्हणाले होते. हप्त्याला पडलेलं भोक मी बुजवीन, आणि एका दिवसाच्या नोकरीचा राजीनामा मी देणार नाही, मराठीतला. माझा आवाज चढला होता. मुलगी दारात उभी राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते तिला कळेना.

“हिला कोण सांभाळणार?” त्याने विचारलं. “मी उद्या कामावर आहे.”

दुपारी मी मनात चालवलेल्या घरात तो बेकार होता आणि मुलीला तोच सांभाळत होता. मी जिलबीच्या चार कड्या बशीत घेतल्या आणि मुलीला कडेवर घेऊन खाली गेले. बीजींनी सगळं ऐकलं होतं. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. मी मोडक्या हिंदीत विचारलं, सोमवारपर्यंत बाई शोधते, तोवर हिला ठेवाल का, जे काय पैसे होतील ते देईन. पैशाचं ऐकून त्या भडकल्या; मुलगी त्यांना नातच होती.

“पोती के पैसे लूँगी मैं?” त्या म्हणाल्या. “तू जा. छोड़ जा मेरे पास. बाई-वाई कोई नहीं ढूँढनी.”

मी जिन्यात बसून रडले. त्याच आठवड्यात मी नवऱ्याला न मागता दिलेल्या पैशांवरून घालूनपाडून बोलले होते, आणि आता माझी नोकरी तशाच एका देण्यावर उभी राहत होती. त्याच्या कागदात ही ओळ नव्हती. माझ्याही डोक्यात नव्हती. वर जाऊन मी त्याला बीजी काय म्हणाल्या ते सांगितलं. त्याने ऐकलं आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पुढे मुदत दिली, आणि त्याच फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मी हे लिहितेय. पण त्या रात्री मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्याची पाठ माझ्याकडे आहे. तो नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. अशा गप्प पाठीशी मी भांडू शकत नव्हते, आणि तिच्यावर पाय देऊन रोज शटल पकडायची हिंमतही माझ्यात किती दिवस टिकली असती, सांगता येत नाही.

सकाळी मी डाग निऱ्यांत लपेल अशी साडी नेसले. डबा भरला. त्याचाही भरला. तो उठून बसला होता. मी मुलीला उचलायला वळले तर ती अंथरुणात नव्हती. दार उघडं होतं. तो तिला रजईसकट खांद्यावर घेऊन जिना उतरत होता, तिची लाल टोपी आणि दुधाची बाटली दुसऱ्या हातात. मी पर्स घेऊन मागोमाग गेले.

बीजी अंगण झाडत होत्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, हात पुढे केले आणि झोपलेली मुलगी घेतली. मग कालचं सगळं भांडण डोळ्यांत आणून त्यांनी त्याला विचारलं, “क्यों भाई? हो गया राजीनामा?”

तो माझ्याकडे बघत राहिला. माझी गाडीची वेळ होत आली होती, पण पाय उचलेना.

“हो गया, बीजी,” तो म्हणाला.

इतके दिवस त्याच्याच तोंडून ऐकलेला तो शब्द मला त्या सकाळी पहिल्यांदा हिंदीत ऐकू आला.